नवव्या होलची हिरवळ

नवऱ्याची बदली धुळ्याला झाली तेव्हा मी जळगावात केळीची रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होते. काचेच्या बाटल्यांतून वाढणारी इवलीइवली रोपं, पांढरे दिवे आणि थंड हवा. ऋतू नावाची गोष्ट तिथे दाराच्या आत येतच नसे. बाहेर मे महिना पेटलेला असला तरी आम्ही आत स्वेटर घालून बसायचो. ते सोडून धुळ्यात आले आणि बरेच महिने घरीच बसले. शेतकीची पदवी घेतलेल्या बाईला शहरात काय काम मिळणार? मग नवऱ्याच्या ओळखीतल्या एकानं सांगितलं, शिरपूरच्या रस्त्याला एका शेठजींना गवत सांभाळायला माणूस हवं आहे.

"किती जनावरं आहेत त्यांच्याकडे?" मी विचारलं.

जनावरं नव्हती. गोल्फचं मैदान होतं.

शेठजी साठी ओलांडलेले, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून येऊन इथे कापसाच्या व्यापारात स्थिरावले होते. जिनिंगचा कारखाना आता मोठा मुलगा बघायचा. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी शेठजींना रोज चालायला सांगितलं होतं.

"नुसतं चालायचा कंटाळा येतो, बेटा," ते पहिल्याच भेटीत मला म्हणाले. "मुलीकडे राहायला गेलो होतो, तिथे हा खेळ पाहिला. चेंडू मारायचा आणि त्याच्यामागे चालायचं. मला पटलं."

त्यांची एक मुरमाड जमीन पडून होती. कापूससुद्धा धड येत नसे तिथे. पुण्याहून माणूस बोलावून त्यांनी तिच्यावर नऊ होलचं मैदान आखून घेतलं. तो माणूस काम संपवून निघून गेला आणि गवत मागे राहिलं. ते आता मी सांभाळायचं होतं.

मला या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. शिकत गेले. होल म्हणजे चेंडू मारत जायचा एक लांब पट्टा; त्याच्या शेवटी खळगा, खळग्यात झेंडा आणि झेंड्याभोवती गवताचा एक गोलसर तुकडा, त्याला ग्रीन म्हणतात. तिथलं गवत इतकं बारीक कापायचं की चेंडू सतरंजीवरून घरंगळावा तसा घरंगळला पाहिजे. बाकीचं मैदान एक वेळ कसंही असलं तरी चालतं, पण ग्रीन बिघडलं की खेळ बिघडला. आणि नेमकं त्याच गवताच्या अंगात दम नसतो. पानच ठेवलं नाही तर अन्न कुठून तयार होणार, आणि मूळ खोल कसं जाणार? ऊन, पाऊस, थंडी, काहीही आलं तरी पहिला फटका ग्रीनला.

गवत म्हणजे हरळीच. शेतातली नव्हे, तिची बारीक पानांची, निवडून वाढवलेली जात, पण शेवटी हरळी. मी असोद्याला आबांना फोन करून हे सांगितलं. माझे वडील केळी आणि कापूस करतात. ते म्हणाले, "जल्मभर हरयी खंदता खंदता माही कंबर गेली, अन् तुले तीच लावाचा पगार भेटते?" मागे आई हसल्याचं ऐकू आलं. मीही हसले. तेव्हा आम्हाला तिघांनाही वाटलं होतं की हरळी मरत नाही. शेतातून तिला घालवता घालवता पिढ्या गेल्या, ती इथे कशाला मरेल?

माझ्या हाताखाली पाच-सहा माणसं होती. त्यांचे मुकादम म्हणजे नाना, शेजारच्याच गावचे. पूर्वी त्यांचा मळा होता, आता मुलं बघायची. नाना स्वभावानं धीराचे होते, पण गोल्फचं गवत त्यांनाही माझ्याइतकंच नवीन होतं. आम्ही दोघं सकाळी ग्रीनवर ओणवे होऊन पानं बघायचो आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो.

मैदानावर रोज येणारी माणसं दोनच. शेठजी आणि त्यांच्या पत्नी. रविवारी कधी शेठजींचे चार मित्र येत, डॉक्टर-वकील मंडळी, पण रोजची ही दोनच. सगळे त्यांना शेठाणी म्हणायचे, मी काकीजी म्हणायचे. साठीच्या आसपासच्या, डोक्यावर पदर, पायात पांढरे बूट. गुडघे दुखायचे म्हणून त्या मैदानभर फिरत नसत. गाडी थांबायच्या जागेजवळच नवव्या होलचं ग्रीन होतं. शेठजी पहिल्या होलकडे चालू लागले की काकीजी पिशवीतून एक काठी काढायच्या. चेंडू हलकेच ढकलायची चपट्या तोंडाची काठी असते, तिला पटर म्हणतात. शेठजी परत येईपर्यंत त्या एकट्याच नवव्या ग्रीनवर चेंडू ढकलत बसायच्या. बोलायच्या नाहीत. चेंडू खळग्यात पडला की वाकून काढायच्या, पदर सारखा करायच्या, पुन्हा लांब ठेवायच्या.

"शेठपेक्षा शेठाणीनं चांगलं लागस," नाना मला हळूच म्हणायचे. खरंच होतं ते. त्यांचा नेम शेठजींपेक्षा कितीतरी चांगला होता. म्हणून मीही नकळत नवव्या ग्रीनकडे जास्त लक्ष देऊ लागले. बाकीची आठ ग्रीन मैदानाची होती, नववं त्यांचं होतं.

माझा तिथला पहिला उन्हाळा आला आणि हरळी मरत नाही हा समज गेला.

धुळ्याचं ऊन मला नवीन नव्हतं. जळगावचंही काही कमी नसतं. पण तोवर मी त्या उन्हातून घरात शिरत आले होते, आता त्या उन्हात उभं राहून कुणाला तरी जगवायचं होतं. सकाळी नऊनंतर जमीन तापायची, दुपारी तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा यायचा. हरळीला ऊन चालतं, आवडतंसुद्धा, फक्त तिला पाणी लागतं. आमच्या तीन बोअरपैकी एक एप्रिलमध्येच गेला. दुसऱ्यातून येणारं पाणी इतकं क्षारांचं झालं की ग्रीनवर पांढरा खार फुटायचा आणि पानांची टोकं जळायची. पाणी दिलं तर खारानं जळणार, नाही दिलं तर उन्हानं. मी दोन्हींच्या मध्ये काहीतरी करायचे, म्हणजे दोन्हींनी थोडंथोडं जळायचं.

मेच्या मध्यावर एका सकाळी स्प्रिंकलर चालू असताना कुंपणापलीकडे बाया येऊन उभ्या राहिल्या. हंडे, कॅन, एकीच्या हातात तेलाचा रिकामा डबा. गावात टँकर आला नव्हता. भांडायला आल्या नव्हत्या त्या. नुसत्या उभ्या राहून फवाऱ्याकडे बघत होत्या. त्यातली एक वयस्कर बाई मला म्हणाली, "बाई, हाई गवत कोन खास?"

"कोणी नाही खात, अक्का," मी म्हटलं.

"मंग ढोरेस्ले तरी देतस का?"

"नाही."

तिनं मान हलवली. तिला राग आला नव्हता, तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं. मी शेतकऱ्याची मुलगी, पाणी कशाला लागतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी जाऊन स्प्रिंकलर बंद केला आणि शेठजींना फोन लावला. ते म्हणाले, "चांगल्या पाण्याचा बोअर कुंपणापर्यंत पाइप टाकून त्यांना देऊन टाक. विचारलंस कशाला?"

दिला. त्याचं मला आजही बरं वाटतं. पण त्यानंतर गवताला उरलं ते खारं पाणी. मोकळं मैदान आम्ही सोडूनच दिलं, ते पुठ्ठ्यासारखं झालं. ग्रीनवर संध्याकाळी हातानं पाणी मारायचो. सात ग्रीन वाळली. दोन कशीबशी जगली, त्यातलं एक नववं. शेठजी तरीही रोज उजाडताच येत आणि त्या पुठ्ठ्यावरून चेंडू मारत चालत. "मला चालायचंच आहे ना, बेटा," म्हणायचे. मला समजावण्यासाठी म्हणायचे, हे मला कळायचं.

पावसानं सगळं पुन्हा हिरवं केलं, तेही इतक्या झटपट की मी आबांना फोटो पाठवले. जुलैत मैदान डोळ्यांत भरत होतं. रविवारी शेठजींचे मित्र येऊन माझं कौतुक करून गेले. ते मी मुकाट घेतलं, खरं तर मी काहीच केलं नव्हतं.

मग ऑगस्टमध्ये झड लागली. मोठा पाऊस आमच्याकडे येतो आणि जातो, त्याचं काही वाटत नाही. ही भुरभुर होती, दिवस नाही रात्र नाही. सूर्य कुठे आहे ते कळेना. नववं ग्रीन सखल जागी होतं. पुण्याच्या माणसानं खाली वाळू आणि खडीचे थर दिले होते, पण त्यांच्याखाली त्या खोलगटात आमची काळी माती होती. ती एकदा भरली की पाणी खाली जाऊ देत नाही. ग्रीन स्पंजासारखं झालं. पाय ठेवला की पाणी वर यायचं.

आता गवत कापावं तर यंत्राची चाकं रुतायची, न कापावं तर ते उंच, लिबलिबीत व्हायचं. आधी डाग पडले, तळहाताएवढे, कडेनं काळपट. बुरशी होती. औषध फवारलं की तासाभरात पाऊस ते धुऊन न्यायचा. आम्ही काटे घेऊन ग्रीनला भोकं पाडली, कोरडी वाळू शोधून आणून त्यांत भरली. ती वाळूही ओली झाली. गवत विरळ झालं तिथे शेवाळ धरलं, काळं-हिरवं, बुळबुळीत.

जळगावच्या माझ्या जुन्या सरांच्या ओळखीनं मी मैदानांचं काम करणाऱ्या एका जाणकार माणसाला फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. काय काय केलं ते विचारलं. मग म्हणाले, "तुम्ही करताय ते सगळं बरोबर आहे. आता ऊन पडायला हवं."

"आणि नाही पडलं तर?"

"मग थांबायचं," ते म्हणाले.

नानांना मी हे सांगितलं. ते शेडच्या दारात पोतं पांघरून बसले होते. "ऊन पडाले जोयजे, हाई ते मालेबी ठाऊक शे," ते म्हणाले. "पन आभायले कोन सांगी, बाई?"

नवव्या ग्रीनभोवती आम्ही दोरी बांधली. काकीजींना मी स्वतः जाऊन सांगितलं, घसरण आहे, काही दिवस इकडे येऊ नका. त्या बरं म्हणाल्या. तरी रोज शेठजींबरोबर यायच्या आणि गाडीजवळ छपराखाली, फरशीवर, एका वाटीत चेंडू ढकलत बसायच्या.

त्या दिवशी पाऊस थोडा थांबला होता. मी आठव्या ग्रीनवर होते, तिथून छप्पर दिसतं. फरशीवरून सुटलेला चेंडू उतारानं घरंगळत दोरीखालून ग्रीनवर गेलेला मी पाहिला. काकीजी त्याच्यामागे निघाल्या. मी ओरडले, "काकीजी, थांबा! तिकडे नको!" त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. मी हाक मारतेय एवढंच त्यांना कळलं असावं. एका हातानं त्यांनी दोरी वर केली आणि खालून आत गेल्या. मी पळत सुटले. चिखलात माझी चप्पल राहिली. चार पावलं टाकून त्या वाकल्या, आणि मग मला नुसती त्यांची साडी जमिनीवर दिसली.

मी पोचले तेव्हा त्या कुशीवर पडल्या होत्या, गालाला शेवाळ लागलं होतं. ओरडल्या नाहीत. "उठता येत नाहीये, बेटा," एवढंच म्हणाल्या. नाना आणि दोघंजण धावत आले. शेडमधला दरवाजा काढून आणला, त्याच्यावर त्यांना घेतलं. शेठजी सहाव्या होलवरून चालत येत होते. त्यांना पळायची मनाई होती, आणि ते पळत नव्हते, पण त्यांचा चेहरा मला लांबूनही बघवेना.

कमरेचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. दवाखान्यात शेठजी मला म्हणाले, "तू दोरी बांधली होतीस. तू सांगितलंही होतंस. मनाला लावून घेऊ नकोस." त्यांच्या घरातलं कुणीही मला एक शब्द बोललं नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं असं वाटायचं. दोष द्यायलाही कुणी नव्हतं. पाऊस पडला होता, ऊन पडलं नव्हतं.

नाना दुसऱ्या दिवशी एकटेच खराटा घेऊन नवव्या ग्रीनवर गेले आणि दिवसभर शेवाळ खरवडत बसले. मी नको म्हटलं, पुन्हा धरणारच होतं ते. त्यांनी ऐकलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी आभाळ उघडलं. ऑक्टोबरात गवताला हवं तसं सगळं जमून आलं, दिवसा कडक ऊन, जमिनीत पुरेशी ओल, रात्री गारवा नाही. नवव्या ग्रीनचे उघडे पडलेले तुकडे आम्ही दुरुस्तीसाठी बाजूला वाढवून ठेवलेल्या गवतानं भरले. बघता बघता ते इतकं दाट झालं की बोट खाली मातीला लागेना. मी इतकं सुंदर ग्रीन तिथे आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. आणि त्याच्यावर पाय ठेवायला कुणी नव्हतं. शेठजींनी येणं बंद केलं होतं. काकीजी अंथरुणावर होत्या, मग वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत.

शेठजींचा फोन यायचा. "ती चालायचा कंटाळा करते. फिजिओथेरपीचा मुलगा येतो, त्याला चहा पाजून परत पाठवते. तिला सांगितलंय, नवव्यावर न्यायचं आहे तुला. तेवढ्यासाठी तरी चालेल. ग्रीन चांगलं ठेव."

"एकदम चांगलं आहे, शेठजी," मी सांगायचे. "आत्ता आणा त्यांना."

"डॉक्टर आत्ता नाही म्हणतात. संक्रांतीच्या सुमाराला."

संक्रांत म्हटल्यावर मी मनात महिने मोजले. धुळ्याची थंडी मला ठाऊक होती. डिसेंबरात सातपुड्याकडून वारा सुटला आणि पारा असा घसरला की सकाळी गाडीच्या सीटवरचं दव बोटांना टोचायचं. हरळी उन्हाळ्याची पोर. तिला थंडी लागली की ती झोपते. मरत नाही, पण वरून मेल्यासारखी दिसते. आधी जांभळट झाली, मग पिवळी, मग बाजरीच्या वाळलेल्या सरमाडासारखी. आबांचा फोन आला, तिकडे केळीची वाढ थांबली होती, पानं पिवळी पडत होती. "तुह्या गवताचं काय?" त्यांनी विचारलं. "झोपलं," मी म्हटलं. "केळीबी झोपली," ते म्हणाले.

थंडीत वाढणारं वेगळं गवत वरून पेरता येतं. ते मी सुचवलं होतं, पण बी वेळेवर आलं नाही आणि आलं तेव्हा थोडं आलं. पेरलं ते पाखरांनी टिपलं, उरलं ते पुंजक्यापुंजक्यानं उगवलं. संक्रांतीच्या आठवड्यात शेठजी स्वतः ग्रीन बघायला आले.

"शनिवारी आणतोय तिला," ते म्हणाले. "हे असं दाखवायचं?"

"खाली जिवंत आहे, शेठजी. फेब्रुवारीच्या शेवटी फुटेल."

"मी तिला हिरवं म्हणून सांगितलंय. रोज सांगत होतो." मग त्यांनी विचारलं, "गवतावर मारायचा रंग मिळतो म्हणतात ना?"

मिळतो. बाहेरच्या मोठ्या मैदानांवर मारतात. मला ते मनातून पटत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवेना. नाशिकहून डबा मागवला. शुक्रवारी दुपारी मी आणि नानांनी पाठीवरचा पंप घेऊन नववं ग्रीन रंगवलं. नाना फवारत होते. शेवटी म्हणाले, "मरेलले मेंदी लावी राह्यनूत आपन." मी म्हटलं, "नाना, मेलं नाहीये ते." ते म्हणाले, "हा, ते बी शे."

लांबून फार छान दिसत होतं.

शनिवारी काकीजी आल्या. वॉकर, शाल, कानटोपी. वाळल्या होत्या. शेठजींनी एका हाताला धरलं, मी दुसऱ्या. ग्रीनच्या कडेला आल्यावर त्या थांबल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. शेठजी त्यांच्याकडे बघत होते. मग काकीजींनी पटर मागितला. शेठजींनी चेंडू ठेवला. झोपलेल्या गवतावर चेंडू फार पळतो, हे मी सांगायला विसरले नव्हते, पण हाताला जुनी सवय असते. त्यांनी हलकेच ढकलला तरी तो खळग्याला वळसा घालून पार पलीकडच्या कडेला गेला. नानांनी तो उचलून आणून त्यांच्या हातात दिला.

पहाटे दव पडलं होतं. रंग सुटला होता. पांढरा चेंडू पोपटी झाला होता, आणि आता काकीजींचे तळहातही. त्यांनी खाली पाहिलं. बुटांचे तळवे, वॉकरचे पाय, साडीची किनार, सगळीकडे हिरवं.

"हे कुणी रंगवलं?" त्यांनी विचारलं.

नाना आभाळाकडे बघू लागले.

"अहो, मी हाड मोडून घेतलंय, डोळे नाही," त्या शेठजींना म्हणाल्या. "पिवळं तर पिवळं. मला काय ठाऊक नाही थंडीत गवताचं काय होतं?" आणि त्या हसल्या. मग शेठजी हसले, पण हसताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तोंड फिरवलं. काकीजींनी आणखी दोनदा चेंडू ढकलला. दोन्ही वेळा तो पलीकडे गेला. मग पाय थरथरू लागले म्हणून आम्ही त्यांना गाडीत नेलं.

फेब्रुवारीत त्या अधूनमधून येत राहिल्या. वॉकर जाऊन हातात काठी आली. गवत खालून खरंच फुटू लागलं होतं, सुईच्या टोकाएवढे कोंब. मी ओणवी होऊन त्यांना दाखवायचे, त्यांना वाकता येत नसे म्हणून कधी एखादा कोंब खुडून त्यांच्या हातात द्यायचे. मार्चच्या सुरुवातीला मला वाटलं, आता हे जमेल. उन्हाळा यायच्या आत त्यांना पूर्ण एक-दीड महिना मिळेल.

त्याच आठवड्यात एका दुपारी तीनच्या सुमाराला सातपुड्याच्या अंगानं आभाळ काळं झालं. आम्ही शेडमध्ये शिरेपर्यंत गारा सुरू झाल्या. पत्र्यावर असा आवाज की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. नाना कानांवर हात धरून बसले. मी दारातून बघत होते. नवव्या ग्रीनवर गारा पडत होत्या आणि उसळत होत्या, मग उसळेनाशा झाल्या, रुतू लागल्या. पांढरं झालं सगळं. दहा-पंधरा मिनिटांनी थांबलं तेव्हा आम्ही बाहेर गेलो. कोवळे फुटवे चिरडले होते आणि ग्रीनला जागोजाग खळगे पडले होते, कुणी कुदळीच्या दांड्यानं ठोकल्यासारखे. आबांचा फोन वाजला. त्यांनी विचारायच्या आत मीच विचारलं, "तिकडे?"

"पानं फाटली बठ्ठी," ते म्हणाले. "तुहं?"

"माझंही."

शेठजी संध्याकाळी आले. ग्रीनभोवती एक चक्कर मारली. आधी विचारलं, "कुणाला लागलं तर नाही ना?" कुणाला लागलं नव्हतं. मग ते म्हणाले, "ठीक आहे," आणि गाडीत जाऊन बसले.

खळगे भरता भरता एप्रिल गेला. भरून झाले तेव्हा ऊन इतकं होतं की काकीजींना बाहेर काढायला डॉक्टरांनी मना केलं. मग पाऊस आला, आणि पावसात गवतावर पाय ठेवायचा नाही हे त्यांच्या मुलानं पक्कं ठरवून टाकलं होतं. त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. शेठजी एकटे काही दिवस आले, मग त्यांचंही कमी झालं. दिवाळीनंतर मुलानं मला कारखान्यात बोलावून नीट शब्दांत सांगितलं की आता तीनच होल ठेवायची, बाकीच्या जागेत चिंच आणि सीताफळ लावायचं. मला कामावरून काढलं नाही. मी आता तीन ग्रीन आणि सीताफळं बघते. ठेवलेल्या तीन होलांत नववं नाही, ते सखल होतं. पहिलंच झाड तिथे लागलं.

हे काकीजींना सांगायचं राहिलं होतं. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. धुळ्यातल्या जुन्या पेठेतलं मोठं घर, मुलं, सुना, नातवंडं, खाली नोकर-चाकर. त्या वरच्या मजल्यावर मागच्या गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. मी सांगितलं. गवताला काय काय झालं, मी काय काय केलं, का जमलं नाही, सगळंच सांगत बसले. त्यांनी मध्येच माझ्या हातावर हात ठेवला.

"बेटा, गवताचं मला काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "खेळाचंही नाही. ह्यांना आवडायचं म्हणून मी काठी धरली."

"मग रोज यायच्या तुम्ही..."

"लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या घरात कधी मी एकटी बसले नाही. सतत कोणीतरी हाक मारतं. तिथे सकाळी तासभर कोणी हाक मारत नसे. हे लांब गेलेले असायचे, तू तुझ्या कामात. चेंडू ढकलत असलं की लोकांना वाटतं काहीतरी करतेय, म्हणून बोलत नाहीत." त्या जरा हसल्या. "दुसरीकडे असं नुसतं बसलं तर विचारतात, काय झालं, बरं नाही का?"

मी सगळा वेळ गवत सांभाळत होते. त्यांचा तो तास सांभाळणं माझ्या हातात नव्हतंच, आणि असतं तरी मला ते ठाऊक नव्हतं. "माझ्या घरी या कधीतरी," असं काहीतरी मी म्हटलं. त्यांनी मान डोलवली. येणार नाहीत हे दोघींना कळत होतं. जिना उतरणंच आता त्यांना जमत नव्हतं.

सुनेनं चहा आणला. आम्ही तो घेत होतो तेवढ्यात आतून एका नातवानं हाक मारली, "दादी!" मग दुसऱ्या कुणीतरी कुठल्यातरी किल्लीबद्दल विचारलं. काकीजींनी कप खाली ठेवला, खुर्चीचा दांडा धरला आणि "आले, आले," म्हणत उठायला लागल्या. मी त्यांची काठी त्यांच्या हातात दिली.